झोन, आरक्षण आणि भूवापर: महाराष्ट्रातल्या शहरी मालमत्ताधारकांचे नेहमीचे प्रश्न

जागा घेताना माणूस सातबारा पाहतो, भाव पाहतो, पाण्याची सोय पाहतो. नकाशा पाहायचा तेवढा राहून जातो. मग घराचा प्लॅन मंजुरीला टाकल्यावर कळतं की प्लॉटच्या निम्म्या भागावरून चोवीस मीटरचा रस्ता जातोय, किंवा मागची बाजू नदीच्या निळ्या पूररेषेत आहे. ओळखीपाळखीतल्या लोकांचे कागद पाहताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, ते इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या शहरांपुरती आहेत. मुंबईची नियमावली वेगळी आहे, त्याचा उल्लेख त्या त्या जागी येईल.

झोन म्हणजे नेमकं काय? आणि तो ठरवतं कोण?

शहराची कुठली जमीन कशासाठी वापरायची हे आधीच नकाशावर ठरवून ठेवलेलं असतं. त्या नकाशाला विकास आराखडा म्हणतात, बोलण्यात ‘डीपी’. त्याचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. सगळीकडे त्याला ‘एमआरटीपी’ म्हणतात, म्हणून पुढे तेच नाव वापरतो. आराखडा तयार करते महानगरपालिका, नगरपरिषद किंवा सरकारने नेमलेलं प्राधिकरण. त्याला अंतिम मंजुरी देतं राज्य सरकार. म्हणून ‘नगरसेवकांनी झोन बदलून दिला’ असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्यावं आणि मंजुरीची अधिसूचना मागावी. महापालिका हद्दीबाहेरच्या गावांना बहुतेक ठिकाणी प्रादेशिक योजना लागू असते.

हे सगळं आजचं नाही. १८९६ च्या प्लेगने मुंबईतल्या दाट वस्तीची दुर्दशा उघडी पाडली आणि १८९८ मध्ये तिथे सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, आलं. पुढे १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. तो देशातला या विषयावरचा पहिला कायदा. दोन घरांमध्ये हवा-उजेडासाठी जागा सोडायला लावणारे नियम आज जाचक वाटतात, पण त्यांची मुळं त्या अंधाऱ्या खोल्यांत आहेत.

सातबारा माझ्या नावावर आहे, एनएसुद्धा झालंय. मग झोन कशाला बघायचा?

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. तीन वेगळ्या गोष्टी आपण एकच समजतो.

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक हा महसुली नोंदीचा कागद. जमीन कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, बोजा काय, हे त्यातून कळतं. एनए म्हणजे बिनशेती, म्हणजे शेतजमीन शेतीशिवाय इतर कामाला वापरण्याची महसूल खात्याकडची बाजू. तिथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागते. आणि झोन हा नगररचनेचा विषय: या जागी काय चालेल आणि किती बांधता येईल. याच्याही पुढे चौथा टप्पा असतो, प्रत्यक्ष बांधकाम परवानगीचा.

यातला एक कागद दुसऱ्याचं काम करत नाही. फार जुनी एनए झालेली जागा आजच्या आराखड्यात बागेच्या आरक्षणाखाली असू शकते. उलटही होतं. जागा निवासी झोनमध्ये असते आणि सातबाऱ्यावर अजून ज्वारीचं पीक लागलेलं असतं. संहितेत नंतर ४२-ब आणि ४२-ड ही कलमं आली. मंजूर आराखड्यात ज्या जमिनीचा वापर बिनशेती दाखवलाय, किंवा जी जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत आहे, तिथे रूपांतर कर वगैरे भरून काम पुष्कळ सोपं झालं. पण हे सोपेपण महसुलाच्या बाजूचं आहे. त्याने झोन बदलत नाही. जाहिरातीत ‘एनए प्लॉट’ दिसला तर पहिला प्रश्न विचारावा: कसला एनए? निवासी, वाणिज्य की औद्योगिक? आणि आदेशाची प्रत कुठे आहे?

माझ्या जागेचा झोन कसा शोधायचा?

गट नंबर, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर हाताशी ठेवा. भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा असेल तर फारच उत्तम, कारण गटाची हद्द नक्की नसेल तर झोनची रेघ त्या गटात कुठून जाते ते कोणीच सांगू शकत नाही. मग महापालिकेच्या किंवा नगररचना विभागाच्या कार्यालयात झोन दाखला आणि भाग नकाशा यांसाठी अर्ज करायचा. मुंबईत याच कामाला ‘डीपी रिमार्क’ म्हणतात. बऱ्याच शहरांत अर्ज ऑनलाइनही करता येतो.

संकेतस्थळावरचा नकाशा पाहायला हरकत नाही, अंदाज येतो. रंगांची ढोबळ ओळखही कामाची असते: निवासी बहुधा पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा, शेती हिरवा. तरी प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यातली सूची वाचल्याशिवाय रंगावर विश्वास टाकू नये. मोबाइलवर मोठा करून पाहिलेल्या नकाशात रस्त्याच्या एका रेघेची जाडीच जमिनीवर काही मीटर भरते. तेवढ्यात तुमचं अंगण जातं.

आणखी एक खाचखळगा म्हणजे जुना आराखडा मंजूर असणं आणि नवा प्रारूप आराखडा, म्हणजे मसुदा, प्रसिद्ध झालेला असणं. अशा वेळी दोन्ही पाहावे लागतात. एमआरटीपीच्या कलम ४६ नुसार परवानगी देताना प्राधिकरणाला प्रारूप आराखड्याचाही विचार करावा लागतो. काही वेळा सरकार आराखडा मंजूर करताना त्यातले काही भाग मागे ठेवतं, त्यांचा निर्णय नंतर होतो. तुमचा गट त्या वगळलेल्या भागात नाही ना, हे दाखल्यात स्पष्ट लिहून घ्या.

निवासी झोन आहे म्हणजे हवं ते बांधता येतं ना?

नाही. निवासी झोन म्हणजे फक्त दार उघडं आहे. आत किती जाता येईल ते समोरचा रस्ता ठरवतो.

मुंबई आणि काही अपवाद सोडले तर राज्यभर ३ डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिलाच सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र), गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं हे त्यातले अपवाद. बृहन्मुंबईत डीसीपीआर २०३४ चालते.

यूडीसीपीआरमध्ये मोठ्या महापालिकांच्या हद्दीत, दाट वस्तीबाहेर, चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल तो आकडा), साधारण असा बसतो. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ १.१, त्यावर काही नाही. रस्ता ९ ते १२ मीटरचा असेल तर मूळ १.१, पैसे भरून मिळणारा प्रीमियम ०.५ आणि टीडीआर (दुसऱ्याने जमीन देऊन मिळवलेला, विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क) ०.४, म्हणजे एकूण २. रस्ता रुंदावत गेला की हा आकडा वाढत ३० मीटर आणि त्यापुढच्या रस्त्यावर ३ पर्यंत जातो.

हिशेब करून बघा. ३०० चौरस मीटरचे दोन प्लॉट, एकाच भागात, एकाच भावाचे. एकासमोर साडेसात मीटरचा रस्ता आहे, दुसऱ्यासमोर ९ मीटरचा. पहिल्यावर ३३० चौरस मीटर, दुसऱ्यावर ६००. दीड मीटरच्या रस्त्याने जवळजवळ दुप्पट फरक पडला. यावर पूरक एफएसआय वेगळा मिळतो, निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत. तोही पैसे भरूनच. म्हणून प्लॉट घेताना रस्त्याची रुंदी पावलांनी मोजू नका, आराखड्यात किंवा मंजूर लेआउटमध्ये किती दाखवली आहे ते पाहा.

आणि हे सगळं कागदावरचं कमाल क्षेत्र. पुढचं, मागचं, बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा, सोडल्यावर, पार्किंग बसवल्यावर आणि इमारतीची उंची पाहिल्यावर प्रत्यक्षात तेवढं बसेलच असं नाही. अरुंद, लांबट प्लॉटवर तर एफएसआय शिल्लक राहतो आणि जागा संपते.

घरातच क्लास, दवाखाना किंवा शिवणकाम चालवलं तर?

घरच्याच माणसांनी घरात करायचा व्यवसाय निवासी झोनमध्ये चालतो. त्याच घरात राहणारे डॉक्टर, वकील, सीए यांचा छोटा सल्ला-कक्षही चालतो, क्षेत्राच्या मर्यादेत. प्रश्न उभा राहतो तो पगारी नोकर, ग्राहकांची रीघ आणि यंत्रांचा आवाज सुरू झाल्यावर. यूडीसीपीआरमध्ये निवासी झोनचे आर-१ आणि आर-२ असे दोन पोटविभाग आहेत. दाट वस्तीत ९ मीटर आणि बाहेर १२ मीटर ही रस्त्याची रुंदी त्यांची सीमारेषा. रुंद रस्त्यावरच्या आर-२ मध्ये दुकानं, कार्यालयं, दवाखाने यांना बरीच मोकळीक आहे, आतल्या गल्लीत कमी.

कायद्याच्या भाषेत वापर बदलणं हाही ‘विकास’च आहे. एक वीट न हलवता फ्लॅटचं ऑफिस केलं तरी परवानगीचा प्रश्न येतो. फ्लॅट असेल तर सोसायटीची बाजूही वेगळी सांभाळावी लागते. शेजाऱ्याशी वाकडं झालं की या प्रकरणाला पहिल्यांदा पाय फुटतात, हे अनुभवाचे बोल.

हिरव्या झोनमध्ये गुंठ्याने प्लॉट मिळतोय. स्वस्त आहे. घ्यावा का?

माझं मत विचाराल तर घर बांधायच्या इराद्याने घेऊ नये.

शेती झोनमध्ये शेतघर बांधता येतं, पण त्याचे आकडे पाहा. साधारण नियम ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा सुमारे ४० गुंठे जमिनीचा आहे. एफएसआय ०.०३७५, आणि कमाल ४०० चौरस मीटर. ४० गुंठ्यांत दीडशे चौरस मीटरचं घर बसतं. आता जो माणूस एकेक, दोन-दोन गुंठे विकतोय, त्याच्या लेआउटवर नगररचनेची सही असणं जवळपास शक्य नाही. तो नकाशा ड्राफ्ट्समनने काढलेला, रंगवलेला असतो, मंजूर नसतो. त्यात जमिनीचे फार छोटे तुकडे पाडायला मनाई करणारा तुकडेबंदी कायदा आडवा येतो, सातबाऱ्यावर नाव स्वतंत्र लागत नाही, मग दहा-बारा जणांचं मिळून सामाईक खरेदीखत होतं आणि पुढच्या पिढीच्या भांडणाची सोय होते.

‘गुंठेवारी नियमित होते की’ असंही सांगितलं जातं. गुंठेवारी म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्याने पाडून विकलेले प्लॉट. त्यांचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेता आली. म्हणजे तारीख मागे टाकलेली आहे, आज घेतलेल्या प्लॉटला तिचा उपयोग नाही. आरक्षणातली, पूररेषेतली बांधकामं तर अशा योजनेत बसतच नाहीत. तुकडेबंदीतही अलीकडे सवलती दिल्या जात आहेत. पण तुकड्याचा व्यवहार कायदेशीर ठरला तरी झोन हिरव्याचा पिवळा होत नाही.

माझ्या जागेवर शाळेचं आरक्षण पडलंय. जमीन गेली का?

गेली नाही, पण अडकली. आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. मालकी तुमचीच राहते. फक्त त्या आरक्षणाशी विसंगत असं काही तिथे करता येत नाही.

जमीन सार्वजनिक कामासाठी घ्यायची तर कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत. पहिली, बोलणी करून ठरलेल्या मोबदल्याने खरेदी. दुसरी, पैशाऐवजी एफएसआय किंवा टीडीआर. तिसरी, भूसंपादन, आणि तिथे आता २०१३ चा केंद्रीय कायदा लागतो. काही आरक्षणांत चौथाही पर्याय निघतो. मालकाने ठरलेला भाग विकसित करून प्राधिकरणाला द्यायचा आणि उरलेला स्वतः वापरायचा. याला समावेशक आरक्षण म्हणतात. मोठ्या जागेच्या मालकाला ते अनेकदा परवडतं, छोट्याला क्वचितच.

आता कलम १२७, जे प्रत्येक आरक्षणग्रस्ताने पाठ करावं. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक प्राधिकरणाला नोटीस देऊ शकतो. सोबत मालकीचे किंवा हितसंबंधाचे कागद जोडावे लागतात. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही, किंवा संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुम्हालाही मिळतो. ही मुदत पूर्वी ६ महिने होती, मग १२ झाली आणि २०१५ पासून २४. प्रत्येक दुरुस्तीत मालकाचीच वाट लांबली, हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

‘पावलं’ म्हणजे काय, यावर बरंच पाणी वाहून गेलं. गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं की सभेत ठराव केला, प्रस्ताव पुढे पाठवला, एवढ्याने पावलं उचलली असं होत नाही. संपादनाकडे खरोखर नेणारी कृती हवी. तरीही नोटिशीची मुदत संपली की सगळं आपोआप हातात पडेल अशा भ्रमात राहू नका. आरक्षण व्यपगत झाल्याची अधिसूचना सरकारकडून राजपत्रात यावी लागते, आणि ती मिळवायला अनेकांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आहे. नोटीस नीट लिहिणं हेच अर्धं काम. क्षेत्र, गट नंबर, आरक्षणाचा क्रमांक, आराखडा अमलात आल्याची तारीख यातलं एक जरी चुकलं तरी समोरच्याला निमित्त मिळतं. इथे वकिलाचे पैसे वाचवू नयेत.

१० वर्षं थांबायचं नसेल तर कलम ४९ ची खरेदी सूचनाही आहे. जमिनीचा वाजवी उपयोगच उरला नाही, परवानगी नाकारली गेली, अशा ठरावीक परिस्थितीत मालक ‘मग तुम्हीच घ्या’ असं कायद्याने म्हणू शकतो. या कलमाचा वापर फार कमी होतो.

टीडीआर घ्यावा की रोख मोबदला?

टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. जमीन देऊन तुम्हाला बांधकामाच्या हक्काचं प्रमाणपत्र मिळतं आणि ते विकता येतं. यूडीसीपीआरमध्ये दाट वस्तीबाहेर दिलेल्या जमिनीच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट असं साधारण प्रमाण आहे. ऐकायला गोड आहे. पण टीडीआरचा भाव बाजारावर वरखाली होतो, आणि ज्या शहरात बांधकाम थंड आहे तिथे घ्यायला गिऱ्हाईक मिळत नाही. प्रमाणपत्रासाठी जमीन निर्वेध, मोजणी करून, कुंपण घालून द्यावी लागते. कुळ, भाडेकरू, भावकीचा वाद असेल तर आधी तो मिटवा. घरात लग्न किंवा आजारपण असेल आणि पैसा आजच हवा असेल तर टीडीआरच्या नादी लागू नये. थांबायची ताकद असलेल्यांनी जरूर विचार करावा.

रस्तारुंदीची रेघ माझ्या घरातून जाते. दुरुस्ती करू शकतो का?

आतली देखभाल, गिलावा, रंग, फरशी, त्याच जागी खिडकी-दार बदलणं याला सहसा परवानगी लागत नाही. बाहेरच्या स्वरूपात फरक पडत नसेल तर कलम ४३ मध्येच ती मोकळीक आहे. नवीन मजला, पुढे वाढवलेली खोली, पाडून पुन्हा उभारणी हे मात्र रेघेच्या आत मिळणार नाही. पुनर्बांधणी करताना रस्त्यात जाणारा भाग सोडून दिलात तर त्याचा एफएसआय उरलेल्या जागेवर वापरता येतो, किंवा टीडीआर घेता येतो. जुन्या पेठांतल्या छोट्या घरांना यात काही उरत नाही. दीड खण सोडल्यावर राहतं काय? तिथे शेजारच्या दोन-तीन मिळकती एकत्र करून बांधणं हाच बहुधा व्यवहार्य मार्ग.

पत्त्यात ‘एफ.पी.’ नंबर आहे. ते काय?

नगररचना योजनेतला अंतिम भूखंड. पुण्यात शिवाजीनगर, मुंबईत वांद्रे या भागांत असे पत्ते दिसतात. योजनेत सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा काढतात आणि प्रत्येकाला चौकोनी पण लहान भूखंड परत देतात. तुमचा जुना सर्व्हे नंबर तिथे कामाचा राहत नाही. योजनेचा नकाशा आणि तक्ता पाहावा.

आमचं दुकान वडिलांच्या काळापासून आहे. नव्या आराखड्यात झोन बदलला. बंद करावं लागेल?

आधीपासून कायदेशीरपणे चालू असलेला वापर नवा आराखडा आला म्हणून एका रात्रीत बेकायदा होत नाही. पण तो वाढवता येत नाही, आणि इमारत पाडलीत की नव्या बांधकामाला नवा झोन लागतो. सगळी मदार पुराव्यावर असते. दुकान परवाना, जुनी करआकारणी, वीजबिलं, जुना मंजूर नकाशा हे जपून ठेवा. वडिलांच्या पेटीतल्या पिवळ्या पडलेल्या पावत्या रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा.

नकाशात झोन बरोबर आहे, तरी परवानगी अडली. का?

झोनच्या वरून आणखी काही रेघा जातात, त्या वेगळ्या खात्यांच्या असतात.

नदीकाठी पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकाम बंद, फक्त मोकळे वापर. निळी ते लाल या पट्ट्यात जोत्याच्या उंचीसारख्या अटींवर. कोल्हापूर-सांगलीकरांना हे समजावून सांगायला नको. डोंगरउतार १:५ पेक्षा तीव्र असेल तर तिथेही बांधकाम नाही. किनाऱ्याला सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध. विमानतळाजवळ उंचीची मर्यादा. रेल्वेहद्दीलगत आणि उच्चदाब वाहिन्यांखाली सोडायची अंतरं वेगळी.

केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, ही तरतूद २०१० पासून कडक झाली. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांचा पुनर्विकास यातच रुतून बसला आहे. झोन दाखल्यात या सगळ्या गोष्टी नेहमी येतातच असं नाही, म्हणून अर्जात त्या नावानिशी विचारा.

घरपट्टी भरतो, वीज-पाणी आहे. मग बांधकाम अधिकृतच की?

नाही. घरपट्टी वापरावर लागते, कायदेशीरपणावर नाही. महापालिका अधिनियमात अनधिकृत बांधकामाला जादा शास्ती लावायची तरतूद आहे, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही असं तिथेच लिहिलेलं आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये शास्तीकराचा विषय किती निवडणुका पुरला ते आठवून पाहा. अधिकृत म्हणजे मंजूर नकाशा, काम सुरू करायचं प्रारंभ प्रमाणपत्र आणि शेवटी राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र. तिन्ही.

थोडं जास्त बांधकाम झालंय. दंड भरून सुटेल का?

एफएसआय शिल्लक असेल आणि सामासिक अंतर नियमात बसत असेल तर बहुधा होय, तडजोड शुल्क भरून सुधारित नकाशा मंजूर होतो. आरक्षणात, रस्त्यात किंवा पूररेषेत असेल तर नाही. एमआरटीपीच्या कलम ५२ मध्ये विनापरवाना बांधकामाला एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. दंडाची रक्कम पाहून हसू नका. खरी टांगती तलवार कलम ५३ ची, म्हणजे पाडकामाच्या नोटिशीची आहे. २०१७ मध्ये कलम ५२-अ आणून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या काही बांधकामांना एक संधी दिली गेली. पुढची अशी योजना येईलच, हे गृहीत धरून स्लॅब ओतणारे मी पाहिले आहेत. त्यांची झोप कशी असते ते त्यांनाच विचारावं.

छोट्या प्लॉटला तरी सवलत आहे की नाही?

आहे. यूडीसीपीआरमध्ये १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर, जोखीम कमी म्हणून, रीतसर मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. परवानाधारक तांत्रिक माणसाने नियमात बसणारा नकाशा सादर करायचा, शुल्क भरायचं, पावती हीच परवानगी. ३०० चौरस मीटरपर्यंत प्रक्रिया लवकर होते. यात झोन, रस्ता, सामासिक अंतर यांतून सुटका नाही. नकाशा चुकीचा निघाला तर जबाबदारी सही करणाऱ्याची आणि तुमची.

झोन बदलून मिळतो का?

मिळतो, पण अर्ज तुमचा असला तरी निर्णय सार्वजनिक पद्धतीने होतो. विकास आराखड्यातला किरकोळ फेरबदल कलम ३७ खाली, प्रादेशिक योजनेतला कलम २० खाली. ठराव, जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि मग सरकारची मंजुरी. त्यात अधिमूल्यही, म्हणजे प्रीमियम, भरावं लागतं. वर्षं जातात. ‘सहा महिन्यांत करून देतो’ म्हणणाऱ्याला टोकन देऊ नका. आणि विक्रेता म्हणाला ‘झोन बदलाचा प्रस्ताव आत आहे’, तर आजच्या झोनचाच भाव द्या.

परवानगीचा अर्ज नुसता पडून आहे. काय करायचं?

कलम ४५ मध्ये ६० दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर मानीव परवानगी मिळाली असं धरता येतं, पण नकाशा नियमावलीत तंतोतंत बसणारा असेल तरच. मध्येच त्रुटी कळवली की दिवस पुन्हा मोजावे लागतात, आणि ती त्रुटी बरोबर पंचावन्नाव्या दिवशी का येते हे एक कोडंच आहे. मानीव परवानगीच्या भरवशावर काम सुरू करण्याआधी वास्तुविशारदाकडून लेखी घ्या. नकार आला तर कलम ४७ खाली सरकारकडे ४० दिवसांत अपील करता येतं. ही मुदत चुकवू नका.

प्रारूप आराखडा आलाय. माझ्या हरकतीला कोण विचारतं?

विचारतात, हरकत नेमकी असेल तर. ‘माझ्यावर अन्याय झाला’ याला काही उत्तर नसतं. ‘गट नंबर अमुकमधून दाखवलेला १२ मीटर रस्ता २०१४ च्या मंजूर इमारतीतून जातो, सोबत भोगवटा प्रमाणपत्र, आणि पश्चिमेला मोकळ्या जागेतून तो असा वळवता येईल’, हे नकाशावर लाल पेनने दाखवलं तर नियोजन समितीला ऐकावं लागतं. हरकत घ्यायची मुदत महिना-दोन महिन्यांची असते आणि ती जाहिरातीतल्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नाही. सुनावणीला स्वतः जा. आराखड्याची फेरतपासणी किमान २० वर्षांतून एकदा करायची असते, म्हणजे ही खेप चुकली तर पुढची बहुधा मुलाच्या नावावर.

खरेदीआधी शेवटचं काय पाहू?

टोकन देण्यापूर्वी चार कागद एकाच गट नंबरचे आणि एकाच क्षेत्राचे आहेत का ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहा: ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, झोन दाखला भाग नकाशासह, आणि लेआउट असेल तर मंजुरीच्या सहीशिक्क्याची प्रत. विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर थांबू नका, झोन दाखला स्वतः अर्ज करून काढा. शुल्क किरकोळ असतं. दाखला मिळेपर्यंत विक्रेता थांबायला तयार नसेल, ‘दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ म्हणत असेल, तर त्या गिऱ्हाइकाला खुशाल जाऊ द्या.